चौथी सवय

चौथ्या पानावर ताईला तिचंच वाक्य भेटलं. तेही तिनं स्वतः वाचलं नाही, मुलीनं वाचून दाखवलं. सकाळचे साडेसहा झाले होते, चहा गाळून झाला होता आणि काल कारखान्यात सगळ्यांना वाटलेली गुळगुळीत कागदाची पुस्तिका टेबलावर पालथी पडली होती. मुलगी शाळेत शिकवते. छापलेलं काही दिसलं की वाचायचं आणि वाचलं की त्यात चुका काढायच्या, हा तिचा खाक्या. तिनं पुस्तिका उलटली. वर साहेबांचा फोटो. हाताची घडी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जसे काही आत्ताच भट्टीपासून उठून आलेत. खाली ठळक अक्षरांत 'यशस्वी नेत्याच्या सात सवयी'. पहिली सवय, लवकर उठणं. दुसरी, ऐकून घेणं. तिसरी, ठामपणे नाही म्हणणं. इथपर्यंत दोघी हसत होत्या, कारण साहेब साडेदहाच्या आत कधी उगवल्याचं ताईला आठवत नव्हतं. मग मुलीनं चौथी वाचली. "'डोळा उघडा आहे म्हणजे बघतोय असं नाही. म्हणून मी रोज माझ्या माणसांच्या नजरेची परीक्षा घेतो.'" आणि ती थांबली. "आई, हे तू म्हणतेस ना? मी पुस्तकापुढे नुसती बसले की म्हणायचीस." तिला गंमत वाटत होती. आईचं वाक्य छापून आलं याचं तिला कौतुकच वाटलं असावं, कारण तिनं ते पुन्हा एकदा, सावकाश, वर्गात वाचतात तसं वाचलं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप खाली ठेवताना तो बशीत नीट बसला नाही, चहा सांडला, तो तिनं पुसलाही नाही. मी घेतो! काय घेतो? तपासणीच्या दालनात हा माणूस आठवड्यातून एकदा येतो, तोही पाहुणे आले तर, आणि आला की पट्ट्याच्या आवाजानं कान दुखतात म्हणून दारातूनच हात हलवतो. आणि वाक्य अर्धंच. पुढचं अर्धं कुठे गेलं? तिनं मुलीच्या हातातून पुस्तिका घेतली, पान उलटून पाहिलं. पुढे पाचवी सवय होती, पाणी भरपूर पिणं. पुढचं अर्धं कुठेच नव्हतं. "मग सांग की त्यांना," मुलगी म्हणाली, "की माझं वाक्य आहे, खाली माझं नाव घाला." ताईनं पुस्तिका मिटली. तिच्या पिशवीत एक कागद होता, आज संध्याकाळपर्यंत सही करून द्यायचा. त्या कागदाबद्दल तिनं मुलीला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला तोंड उघडावं तर आधी बाकीचं बरंच काही सांगावं लागलं असतं.

घरापासून कारखाना वीस मिनिटांच्या अंतरावर. सव्वीस वर्षं ती हा रस्ता चालत होती. आज तिला वाटेतलं काही दिसत नव्हतं, पाय आपोआप वळत होते. कारखाना बाटल्यांचा. औषधाच्या, लहान, बहुतेक पोरांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला खोकी, आणि मधे तपासणीचं दालन. तिथे बारा जागा, बारा बायका. प्रत्येकीसमोर तिचा स्वतःचा पट्टा आणि पट्ट्यामागे दुधी काचेचा उजेडाचा पडदा. बाटल्या त्या उजेडासमोरून एकामागून एक सरकत जायच्या आणि बाईनं फक्त बघायचं. बुडबुडा, तडा, वाकडं तोंड दिसलं की बाटली उचलायची आणि शेजारच्या कप्प्यांच्या खोक्यात तोंड खाली करून ठेवायची, म्हणजे चुकून कोणी परत पट्ट्यावर ठेवणार नाही. सगळ्यांत वाईट तो झोका. बाटलीच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेला काचेचा एक केस. धुताना तो तुटतो, औषधात उतरतो आणि चमच्यातून पोराच्या तोंडात जातो. बाहेरून हाताला काही लागत नाही, बाटली अगदी गोजिरी दिसते. हे काम काय आहे असं कोणी विचारलं तर ताई सांगायची, बसून बघायचं काम. लोकांना ते आरामाचं वाटायचं. एका जागी बसून, उजेडात, एकसारख्या हजारो बाटल्यांकडे बघून दाखवा, असं त्यांना म्हणावंसं वाटायचं आणि ती गप्प बसायची.

हे काम तिला शिकवलं मावशीनं. कोणाची सख्खी मावशी नव्हती ती, दालनातल्या सगळ्यांचीच होती. रुंद बांधा, जाड भिंगाचा चष्मा, आणि अंगावरच्या निळ्या झग्याच्या खिशात कायम एक बाटली. ती चोर बाटली. आत अस्सल झोका आणि बुडाला लाल रंगाचा ठिपका, जो उजेडासमोर उभ्या बाटलीत दिसत नाही. मावशी ही बाटली दिवसातून कधीतरी, कोणाच्या तरी पट्ट्यावर हळूच सोडून द्यायची. पकडली तर ठीक. नाही पकडली तर पट्ट्याच्या शेवटी मावशीच ती उचलायची, त्या बाईच्या मागे येऊन उभी राहायची आणि खांद्यावर दोन बोटं ठेवायची. पहिल्यांदा ती बोटं ताईच्या खांद्यावर पडली तेव्हा तिनं हातातली बाटली तशीच धरून ठेवली. कामावर लागून नऊच दिवस झाले होते. आता गेली नोकरी, असंच तिला वाटलं. मावशी म्हणाली, "ऊठ. खिडकीपाशी जा आणि लांबचं काहीतरी बघ. डोळा उघडा आहे म्हणजे बघतोय असं नाही, बाई. दोष डोळ्याचा नसतो, फार वेळ बसवलं त्याचा असतो. जी चुकली तिला उठवायचं आणि तिच्या जागी आपण बसायचं." आणि खरंच ती मोठी बाई कण्हत कुंथत त्या लहान स्टुलावर बसली, चष्मा पुसला आणि बाटल्या बघू लागली. ताई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. लांब पाण्याची टाकी होती. आधी ती नुसतीच एक राखाडी गोळा दिसली, मग तिला कडा आल्या, मग शिडी दिसली, मग शिडीच्या पायऱ्या. दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा मावशीनं जागा सोडली. चाळीस मिनिटं बसायचं आणि मग दहा मिनिटं खोकी जुळवायची, हा नेमही मावशीचाच. कागदावर कुठे नव्हता, पण भट्टीवाल्यांपासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता.

आणि मग मागच्या वर्षी नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक विभागाच्या मुख्यांना एकेक करून खोलीत बोलावलं. ताईची पाळी आली तेव्हा तिला पांढऱ्या चिनी मातीच्या कपात कॉफी मिळाली, गुबगुबीत खुर्ची मिळाली, आणि साहेबांनी वही उघडून विचारलं, "ताई, तुमच्या विभागातून गेलेल्या मालाची वर्षात एकही तक्रार नाही. तुमचं गुपित काय?" सव्वीस वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. साहेबांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ती भराभरा चढली, हे तिला आज, रस्त्यावरून चालताना, इतकं स्वच्छ दिसलं की कान तापले. ती तासभर बोलत होती. चोर बाटली, लाल ठिपका, चाळीस मिनिटं, सगळं. घोट घोट कॉफी पीत, हातवारे करत. साहेब लिहीत होते. आणि या सगळ्याची सुरुवात तिनं कशी केली होती? तिला ते वाक्य आठवलं आणि ती फुटपाथवर थांबली, मागून येणारा एक माणूस तिला टाळून पुढे गेला. ती म्हणाली होती, "माझी एक सवय आहे, साहेब." माझी. मावशीचं नाव एकदाही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. लपवायचं असं काही तिनं ठरवलं नव्हतं. त्या मऊ खुर्चीत तिला ते सुचलंच नाही. आणि आता सकाळपासून आपण कोणावर जळफळतो आहोत? तिला साहेबांचा राग आला होता तो कमी झाला नाही, उलट त्यात स्वतःचा मिसळून तो आणखी कडू झाला. चोराच्या घरी चोरी झाली म्हणून बोंब मारायची तरी कशी?

पुढचं सगळं गेल्या तीन महिन्यांत झालं. दर चाळीस मिनिटांनी उठण्यात वेळ फुकट जातो, असं साहेबांनी कुठूनसं हिशेब काढून सिद्ध केलं आणि बैठक दोन तासांची केली. चोर बाटल्या एकीच्या वीस झाल्या. भिंतीवर फळा लागला, त्यावर एक ते बारा जागांचे आकडे आणि पुढे चुकांच्या लाल फुल्या. एका महिन्यात तीन फुल्या झाल्या की कामावरून कमी. ताईनं तेव्हाच जाऊन सांगितलं होतं की सगळ्या फुल्या पहिल्या तासानंतरच्या आहेत, एकही आधीची नाही, वही काढून बघा. साहेबांनी मान डोलावली, निरीक्षण फार मोलाचं आहे म्हणाले, पुढच्या तिमाहीत विचार करू म्हणाले. दुसरी सवय, ऐकून घेणं. आणि ताई परत येऊन मूग गिळून बसली. का बसली? कारण साहेब जाता जाता म्हणाले होते की ही तर तुमचीच पद्धत आहे, ताई, आम्ही फक्त तिला शिस्त लावली. यावर काय बोलायचं ते तिला तीन महिने सुचलं नव्हतं. आता चार नंबरच्या जागेसमोर तीन फुल्या झाल्या होत्या. चार नंबरला बसायची घारी. डोळे घारे म्हणून घारी, स्वभावानं मात्र इतकी गरीब की स्टूल डुगडुगतं हे सांगायला तिनं सहा महिने घेतले. घरी अंथरुणाला खिळलेले वडील, आणि कमावणारी ही एकटी. पिशवीतला कागद तिचा होता. त्यावर ताईनं सही केली की घारी उद्यापासून घरी.

ताई दालनात गेली नाही, सरळ साहेबांच्या खोलीबाहेर जाऊन बसली. पावणेअकराला साहेब आले. तिनं कागद टेबलावर ठेवला, सही न करता. साहेबांना वाटलं ती पुस्तिकेबद्दल बोलायला आली आहे. कशी वाटली, विचारलं. ती म्हणाली, चौथी सवय अर्धी छापली आहे. साहेब हसले, म्हणाले, जागा कमी पडली. मग ती कागदावर बोट ठेवून म्हणाली की मी यावर सही करणार नाही, दोन तास बसवलं तर कोणाचाही डोळा चुकेल. साहेबांचं हसू गेलं नाही. तेच तिला सहन होत नव्हतं, ते हसू. माणूस रागावला तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

"ताई, तुमची नजर सव्वीस वर्षांची आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही बसलात तर तुमचा चुकेल डोळा?"

"बसून दाखवते. दोन तास, तिच्याच जागेवर. तुमच्या बाटल्या सोडा."

"ठीक, पाच सोडू. आणि पाचही पकडल्यात तर?"

"तर सही करीन." तिनं कागद उचलून खिशात घातला.

हे तिनं विचार करून ठरवलं होतं, वाट बघताना. एक बाटली मुद्दाम सोडायची. एकच. म्हणजे सव्वीस वर्षांच्या नजरेसमोर एक फुली पडेल, आणि मग घारीच्या तीन फुल्यांना काय अर्थ उरला, हे साहेबांच्या तोंडावर विचारता येईल. यात लबाडी होती, तिला कळत होतं. पण लबाडांशी सरळपणे वागून तीन महिन्यांत काय मिळालं होतं? साहेबांनी कामगार अधिकाऱ्याला बोलावलं. हा सडपातळ माणूस मनगटावरच्या घड्याळाशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसे. तो पट्ट्याच्या सुरुवातीला उभा राहून बाटल्या सोडणार आणि वेळा लिहिणार. पट्ट्याच्या शेवटी उभं राहायला मोकळी बाई एकच होती, जिची जागा ताईनं घेतली ती. घारीनं सुटून आलेल्या ठिपक्याच्या बाटल्या शेवटच्या टेबलावर ठेवायच्या आणि घंटा झाली की ताईच्या शेजारचं खोकं तिथे नेऊन द्यायचं. घारीला हे आणि सहीची अट सांगितली तेव्हा तिनं ताईकडे पाहिलं नाही. नुसती मान हलवली आणि खोक्यांच्या भिंतीपलीकडे जाऊन उभी राहिली.

स्टूल खरंच डुगडुगत होतं. ताईनं चष्मा पुसला, पडद्याचा उजेड डोळ्यांवर घेतला आणि बाटल्या येऊ लागल्या. पहिली पाच मिनिटं मजेत गेली. किती दिवसांनी ती अशी सलग बसली होती! एकीच्या खांद्याला बुडबुडा, उचलली, तोंड खाली करून कप्प्यात ठेवली. एकीचं तोंड वाकडं. दहाव्या मिनिटाला झोका आला आणि तिला काही ठरवायला वेळच मिळाला नाही, हात आपला आपण गेला. बुडाला लाल ठिपका. एक. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पस्तिसाव्या मिनिटाला दुसरी आली, तीही तिनं उचलली, कारण दोन तरी पकडल्या तरच तिसरी सुटल्याला वजन येणार होतं. आता तिसरी येईल ती जाऊ द्यायची. तिनं हात मांडीवर ठेवले, उजवा खाली, डावा वर, म्हणजे उजवा परस्पर जाणार नाही. ये बाई आता, मनात म्हणाली. बाटल्या येत होत्या. चांगल्या, चांगल्या, बुडबुडा, चांगल्या. साहेब काचेच्या दारापलीकडून एकदा डोकावले आणि कोणाला तरी काहीतरी दाखवत निघून गेले. दाखवा, दाखवा. फोटोही काढा. नेता आपल्या माणसांच्या नजरेची परीक्षा घेताना. मावशी असती तर काय म्हणाली असती? मावशी रागावत नसे, तिचा राग पायांत उतरायचा, ती दालनात उगाच फेऱ्या मारायची. तिचा शेवटचा दिवस असाच होता, उन्हाचा. चष्म्याचं भिंग वर्षात दोनदा बदललं होतं. चोर बाटली त्या दिवशी मावशीनं ताईच्या हातात दिली आणि म्हणाली, आज मी बसते, कधी सोडशील ते सांगू नकोस. ताईनं तासभर हिंमतच केली नाही. मग सोडली. मावशीसमोरून ती बाटली सावकाश गेली, उजेडात आतला केस लखलखत होता, इतका की लांबून ताईला दिसत होता, आणि मावशी तिच्याकडे बघत होती. अगदी सरळ त्या बाटलीकडेच. बाटली निघून गेली. ताईला वाटलं, शेवटाला जाऊन उचलावी, खिशात टाकावी आणि सांगावं, पकडलीत, मावशी. कोणाला कळणार होतं? पण मावशीच मागे वळली. "गेली ना?" ताईनं मान हलवली. मावशी हसली, गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि खिडकीपाशी गेली. "आता तू बस," पाठमोरीच म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं झगा घडी करून टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. निरोपाचं भाषण नाही, काही नाही. एवढी वर्षं एका जागी बसलेल्या बाईला या कारखान्यानं काय दिलं तर एक हजेरी. तिच्या घरी आपण किती वेळा गेलो? दोनदा. दुसऱ्या वेळी दाराला कुलूप होतं, शेजारचे म्हणाले बहिणीकडे गेल्या. तिथला पत्ता ताईनं कागदावर लिहून घेतला होता, तो कागद नंतर कुठे गेला देव जाणे. बुडबुडा. चांगली. चांगली. हा साहेब काय जाणतो मावशी कोण होती? आणि त्याला कोणी सांगितलंच नाही तर जाणणार कसा? चांगली. चांगली. तिसरी का येत नाही अजून?

घंटा झाली तेव्हा ती दचकली. दोन तास झाले? हात अजून मांडीवरच होते, उजवा खाली, डावा वर, आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या. मग एकदम तिच्या ध्यानात आलं आणि ती उसळलीच. तीन बाटल्या सोडल्याच नव्हत्या! दोन सोडल्या, त्या तिनं पकडल्या, आणि आता म्हणणार, बघा, सव्वीस वर्षांची नजर, एकही चूक नाही, करा सही. डोळ्यांत धूळ फेकायची तरी किती? घारीनं खोकं उचलून नेलं होतं. ताई मागोमाग शेवटच्या टेबलापाशी गेली. साहेब आले होते, कामगार अधिकारी वेळांचा कागद घेऊन उभा होता, आणि कामावरून उठलेल्या बायका जरा अंतर ठेवून जमल्या होत्या. टेबलावर एकही बाटली नव्हती. ताई बोलायला तोंड उघडणार इतक्यात अधिकाऱ्यानं खोक्यातली एकेक बाटली उचलून बूड बघितलं, होती तशी परत ठेवली आणि कागदावरच्या वेळांशी मोठ्यानं मोजलं. दहाव्या मिनिटाची, पस्तिसाव्या, सत्तराव्या, ब्याण्णवाव्या, एकशे आठव्या. पाच सोडल्या, पाचही खोक्यात. साहेबांनी टाळी वाजवली. एकदोघींनीही वाजवली, बिचकत.

पाच? क्षणभर ताईला ते खरंच वाटलं. हाताला इतकी वर्षांची सवय, गेला असेल आपला आपण, आपल्याला न विचारता. खरं वाटावं असंच होतं ते, आणि गोड होतं. मग तिनं खोक्यात पाहिलं. ठिपक्याच्या दोन बाटल्या तोंड खाली करून ठेवलेल्या होत्या. तीन उभ्या होत्या. तिनं आयुष्यात कधी काढलेली बाटली उभी ठेवली नव्हती. तिनं वर पाहिलं. घारी पलीकडे उभी होती, हात झग्यात, मान खाली, आणि तिचे कान लाल झाले होते. ताईची चूक झाकावी म्हणून या पोरीनं त्या तीन बाटल्या घाईघाईनं खोक्यात खोचल्या होत्या. पाच पकडल्या तर आपली नोकरी जाणार, हे तिला ठाऊक असूनही. सत्तर, ब्याण्णव, एकशे आठ. एक मुद्दाम सोडायची म्हणून ती वाट बघत बसली होती, आणि तिच्या नाकासमोरून तीन गेल्या होत्या. तिला एकही दिसली नव्हती.

"यातल्या तीन माझ्या नाहीत," ताई म्हणाली. तिनं उभ्या तीन बाटल्या उचलून टेबलावर ठेवल्या, एकेक. "मी दोनच पकडल्या. या मला दिसल्या नाहीत. हिनं मला वाचवायला आत ठेवल्या."

पट्टा रिकाम्या स्टुलासमोरून चालूच होता. साहेब जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले की राहू द्या, ताई, तुमच्यावर कोण शंका घेतंय, सही तेवढी करून टाका. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांना काहीतरी सुचलं होतं. "खरं सांगू? हे फार मोठं आहे. सगळ्यांसमोर चूक कबूल करणं. पुढच्या आवृत्तीत आपण ही आठवी सवय म्हणून घालू."

आत्तापर्यंतचा राग म्हणजे काहीच नव्हता, असा राग तिला आला. या माणसाच्या हातात काहीही द्या, त्याची सवय होते. आपली चूक, मावशीचे गुडघे, घारीचे लाल झालेले कान, सगळं गुळगुळीत कागदावर, फोटोसकट. तिचा आवाज मात्र चढला नाही. उलट तो मावशीसारखा खाली गेला, आणि ते तिचं तिलाही ऐकू आलं. "आधी चौथी पुरी करा, साहेब. ती सवय माझी नाही. मी तुम्हाला माझी म्हणून सांगितली, ते खोटं होतं. इथे एक मावशी होती, तिची आहे. आणि तिच्यात पुढे असं आहे की जी चुकली तिला उठवायचं आणि तिच्या जागी आपण बसायचं." तिनं खिशातून तो कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि घारीच्या नावाच्या वर स्वतःचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, चुका तीन, बैठक दोन तास. खाली सही केली. आता घारीला काढायचं तर दोघींना काढावं लागणार होतं, आणि ताईचं नाव वर होतं. कागद तिनं साहेबांच्या हातात दिला. "मी उठले आहे. बसा."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. पट्ट्यावरून बाटल्या जात होत्या, कोणी न बघितलेल्या, आणि पलीकडे जाऊन एकमेकींवर आपटत साचत होत्या. घारीला ते बघवेना, ती सवयीनं स्टुलाकडे वळली. "तू नाही," ताई म्हणाली, आणि ती जागच्या जागी थांबली. बाकीच्या अकरा जणींतली एकही पुढे झाली नाही. अधिकारी घड्याळाकडे बघत होता. किती वेळ गेला ते त्यालाच ठाऊक. एक बाटली काठावरून खाली पडून फुटली, मग दुसरी. साहेबांचं हसू कुठे गेलं ते ताईच्या लक्षात आलं नाही, पण ते तिथे नव्हतं. ते स्टुलाकडे एक पाऊल गेले, थांबले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "पट्टे बंद करा."

पाळी चालू असताना पट्टे बंद झाल्याचं सव्वीस वर्षांत तिला आठवत नव्हतं. दालन एकदम इतकं गप्प झालं की पडद्यांमागच्या दिव्यांची बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. जिंकलो असं तिला अजिबात वाटलं नाही. उद्या काय होईल हे तिला माहीत नव्हतं, आणि राग तर जसाच्या तसा होता, सकाळी होता तेवढाच, फक्त आता त्याला लाज वाटत नव्हती. जी चुकते ती खिडकीपाशी जाते, म्हणून ती खिडकीपाशी गेली. डोळ्यांपुढे अजून बाटल्याच सरकत होत्या. थोड्या वेळानं शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"ताई," घारी हळूच म्हणाली, "काय दिसतंय?"

"अजून काही नाही," ताई म्हणाली. "पाण्याची टाकी असते तिथे. थांब जरा."